रोलरला बसवायचं ठरलं

मी मैदानाचा रोलर बोलतोय, आणि जरा भरभर बोलणार आहे. समोर गवंडी सिमेंट कालवतोय. कालवून झालं की फुटबॉल क्लबच्या फाटकाशी बांधलेल्या बुटक्या चौथऱ्यावर मला चढवणार आणि दोन्ही बाजूंनी सिमेंट ओतून कायमचा पक्का करणार. क्लबच्या वर्धापनदिनाची शोभा म्हणे! मला शोभा नको. मला एका जागी राहवत नाही, हा माझा जन्मापासूनचा स्वभाव आहे.

जन्म माझा कापड रंगवायच्या कारखान्यातला. ओलं कापड पिळायला तिथे दोन रूळ होते, त्यातला खालचा, जाडा, तो मी. दिवसभर गरगर फिरायचो आणि संध्याकाळी बघावं तर जिथल्या तिथे. वरच्या रुळाला ते चालायचं, तो शांत स्वभावाचा होता. मी मात्र चिडून चिडून चिरफाळलो. मिस्त्री म्हणाला, लोखंडच खराब होतं. म्हणू दे. मला अंगणात फेकलं आणि मी तिथे धुमसत पडलो.

कारखान्यामागे मोठा खड्डा होता. पलीकडच्या गल्लीतल्या वीटवाल्यांनी विटांसाठी माती उपसून तो केलेला. आमच्या गल्लीतल्या रंगवाल्यांनी कारखान्याची राख टाकून टाकून तो भरला. भरेपर्यंत तिकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. भरल्यावर तिथे चेंडू उडायला लागला आणि दोन्ही गल्ल्यांना मालकी आठवली.

“खड्डा आमचा!” वीटवाले म्हणायचे.

“आणि राख कुणाच्या बापाची?” रंगवाले विचारायचे.

डोकी फुटली, पण एकट्या गल्लीत अकरा खेळाडू काही जमेनात. शेवटी नाइलाजाने दोन्ही गल्ल्यांचा मिळून एक क्लब निघाला. सदरा अर्धा निळा, अर्धा विटकरी. पाहुणे संघ तो बघूनच हसायचे.

राखेची जमीन मऊ. एक सामना झाला की नांगरल्यासारखी दिसायची. तेव्हा माझी आठवण झाली. वीटवाल्यांच्या लोहाराने मला आडवी लांब दांडी बसवली, दोन्ही टोकांना माणूस लागेल अशी. एकाच टोकाने ओढलं तर मी गोल फिरतो. मग ठरलं, एका टोकाला रंगवाला, दुसऱ्याला वीटवाला. एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत, पण पाऊल बरोबर टाकायचे. आणि मी? मी पहिल्यांदाच फिरलोही आणि पुढेही गेलो! तो आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

पुढे कारखान्यात जादा पाळ्या लागल्या आणि रंगवाल्यांकडे माणूस मिळेना. तेव्हा तिथल्या मुकादमाची मुलगी आली. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण एका जेवणात ती चारदा पानावरून उठायची. मला ती पाहता क्षणी पटली. दुसऱ्या टोकाला वीटवाल्यांचा गोलकीपर. त्याचं नाव पडलं होतं कुलूप. गोल अडवायचा म्हणून, आणि तोंड उघडायचा नाही म्हणूनही.

“तुम्ही जरा बोलत जा की,” ती एकदा म्हणाली.

“बोललो की पाऊल चुकतं.”

“चुकू दे. गोल फिरू.”

फिरलो आम्ही गोल. बऱ्याचदा फिरलो. क्लबचंच काम, त्यामुळे कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. त्या हंगामात मैदान इतकं सपाट झालं की चेंडू थांबायचं नाव घेईना, तरी कुणाला शंका आली नाही. माणसांना नको तिथे शंका येतात आणि हव्या तिथे येत नाहीत.

दोघांनी लग्न केलं तेव्हा एकच गहजब झाला. मुकादमाने लेकीचं नाव टाकलं. वीटवाल्यांनी सुनेला दाराबाहेर ठेवलं. दोन्ही गल्ल्यांनी जाहीर केलं, क्लब मोडला. नेमका त्याच आठवड्यात बाहेरच्या संघाशी सामना. मैदान उकरलेलं, मला हात लावायला कुणी तयार नाही. पंच म्हणाले, अशा जमिनीवर खेळवणार नाही. लोक दोन्ही कडांना हाताची घडी घालून उभे.

मग ती दोघंच आली आणि त्यांनी दांडी धरली. दोन्हीकडून शिट्ट्या, शिव्या, हसणं. भिंगरीचे कान लाल झाले होते. कुलूप खाली मान घालून घाईघाईने ओढत होता. मी एवढा बिथरलो की तिरका जायला लागलो.

“डावीकडे घे गं! डोळे फुटले का?” मुकादम ओरडला. लेकीशी न बोलण्याची शपथ घेतलेला माणूस! राग आपल्या जागी, पण वाकडं काम त्याला बघवेना. शिव्या देतच तो आत आला आणि त्याने तिच्या शेजारी दांडी धरली. ते पाहून कुलूपचा बाप मागे कसा राहील? तोही आला. सामना आम्ही सपाटून हरलो, ते सोडा. क्लब राहिला.

आता वीटभट्टी नाही, कारखाना नाही. दोन्ही जागी उंच इमारती आहेत आणि मैदानावर प्लॅस्टिकचं गवत आहे, त्याला माझी गरज नाही. मी मुतारीमागच्या फरशीवर पडून असायचो.

तरी रोज संध्याकाळी ती दोघं यायची. कुलूपला मागे अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून तो चालायला तयार नाही. डॉक्टर सांगून थकले, घरचे थकले. पण माझी दांडी हातात आली की त्याचं पाऊल आपोआप उचलतं. भिंगरी दुसरं टोक धरते आणि आम्ही चार हात पुढे, चार हात मागे करतो. आज मला तिथून फाटकाशी, चौथऱ्याजवळ आणलंय. मला पक्का केलं की त्याचं चालणं संपलं. हे तिला कळतं. क्लबच्या सचिवाला कळत नाही, आणि तो तिचा सख्खा भाचा आहे.

“आत्या, ऊठ ना गं तिथून,” तो आत्ता म्हणतोय. भिंगरी चौथऱ्यावर बसली आहे. ती बसलेली मी पहिल्यांदाच पाहतोय.

“नाही उठत.”

“अगं, मानाची जागा आहे ती!”

“मग तू बस. वरून सिमेंट मी ओतते.”

“बाई, माल सुकतोय माझा,” गवंडी कुरकुरला.

भाचा वाईट नाही. माणसांना एखादी गोष्ट आवडली की ती तिला बसवून ठेवतात, घरातल्या म्हाताऱ्यांनासुद्धा. तो आत्यालाही रोज ‘तू बस गं आता’ म्हणतो, तेही प्रेमानेच.

तेवढ्यात बाकावर ठेवलेला कुलूप उठला. कसा, देव जाणे. भिंतीला धरत धरत माझ्यापाशी आला, त्याने दांडीचं आपलं टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाकडे बघत उभा राहिला. नुसता बघतोय.

भिंगरी घोटाळली. उठली तर चौथरा मोकळा. न उठली तर तो तसाच उभा. पण तिला फार वेळ लागला नाही. ती उठली, आली, तिने आपलं टोक धरलं.

“चला,” ती म्हणाली.

मी हललो. फाटकाच्या दिशेने.

“ओत, ओत, जागा झाली!” भाचा गवंड्याला म्हणाला.

“कुणावर ओतू, साहेब? तो तर निघाला.”

भाचा धावत पुढे आला. मला वाटलं, अडवणार. त्याने कुलूपच्या पावलांकडे पाहिलं. एक पाऊल, मग दुसरं, घासत पण नेमकं. तो तसाच पुढे गेला आणि त्याने फाटकाचं दुसरं दारही उघडलं.

समोर रस्ता आहे. थोडा उतार आहे आणि मला थांबायची अजिबात इच्छा नाही. तुम्ही वाटेत उभे असाल तर बाजूला व्हा. नाहीतर या, हात लावा. कुलूपच्या बाजूला जरा जोर कमी पडतोय.