पाण्याखालचा बॅनर

रणधीरला समुद्राचं कौतुक नव्हतंच. त्याला आण्णासाहेबांचा वाढदिवस करायचा होता, तोही पाण्याखाली. आण्णासाहेब म्हणजे त्याचे चुलते, लोहाऱ्यातलं बडं प्रस्थ. माशांना घर व्हावं म्हणून कोकणात नौदलाचं जुनं जहाज मुद्दाम बुडवलंय, हे कानावर येताच त्यानं बॅनर छापून घेतला आणि बायकोला, राजनंदिनीला, कॅमेरा धरायला सोबत नेलं. पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा, नळी कशी सांभाळायची, ते दोघंही तिथं शिकले.

हिरवट पाण्यातून जहाज दिसू लागलं तसा राजनंदिनीच्या अंगावर काटा आला. शेवाळलेल्या दारात एक जाडजूड मासा घरमालकासारखा बघत होता. रणधीरनं त्याच्या तोंडापुढंच बॅनर उलगडला. आण्णासाहेबांचा चेहरा पाण्यात फुगला, वाकडा झाला आणि लोखंडी कठड्यात अडकून मधोमध फाटला. रणधीरनं दोनदा ओढून बघितलं, मग घाबरून तुकडे तिथंच टाकले आणि वरचा रस्ता धरला. एक प्रशिक्षक त्याच्यामागं गेला. दुसऱ्या प्रशिक्षिकेबरोबर राजनंदिनी चिंध्या वेचत राहिली. त्यातच हवा सरत आली, जहाज नीट बघायचं राहूनच गेलं.

वाढदिवसाला मंडपात मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लागला, बॅनर फाटायच्या आधीपर्यंतचाच.

"पाण्याखाली बी आण्णासाहेबच!" रणधीर माइकवर ओरडला. टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याला फेटाही बांधला.

त्या फेट्याखालचं तोंड बघून राजनंदिनीला शिसारी आली. घाबरला म्हणून नव्हे, घाबरली तर तीही होती. पण घाण करून यायचं आणि वर मिरवायचं?

शेजारी आण्णासाहेबांच्या पत्नी सत्यभामाकाकू बसल्या होत्या. "काय गं, खाली भ्या न्हाय वाटलं याला?"

"लई वाटलं, काकू. बॅनर फाडून पळाले. आण्णासाहेबांच्या चिंध्या म्या गोळा केल्या."

मागची बाई फिसकन हसली. जेवणं उरकेपर्यंत गोष्ट खुद्द आण्णासाहेबांच्या कानी गेली. त्यांनी रणधीरला जवळ बोलावलं.

"माझं थोबाड इथं चौकाचौकात लटकतंय. एवढ्या लांब जहाजापाशी गेलास, तर ते दिसलंच न्हाय की रे तुला."

घरी येताच रणधीर भडकला. "चारचौघांत अब्रू घालवलीस माझी!"

"ती तुम्ही खालीच टाकून आलात," ती म्हणाली आणि दिवा मालवला.

दिवाळीनंतर राहिलेलं जहाज बघायला ती मैत्रिणीला घेऊन पुन्हा कोकणात निघाली. रणधीर धाराशिवच्या स्टँडवर सोडायला आला. तिची बॅग त्यानंच उचलून गाडीत ठेवली.