गुंडीच्या वाटचा घास

चंद्रिकाबाईंनी तळहातावरचं इष्टलिंग डोळ्यांना लावलं, पुन्हा गळ्यात घातलं, आणि दुधात भिजवलेला भाकरीचा घास घेऊन त्या पडवीत आल्या. पूजेनंतरचा पहिला घास गुंडीला, मगच आपल्या तोंडात, हा त्यांचा नेम. लेक सासरी गेली त्या वर्षी सोमलिंगअप्पांनी हे कुत्रीचं पिल्लू घरी आणलं, तेव्हापासूनचा. कपाळावर गुंडीएवढा पांढरा ठिपका, म्हणून नाव गुंडी.

आता ती म्हातारी झाली होती. पोटात गाठ, मागचे पाय लटपटणारे. जनावरांच्या डॉक्टर राहतबाई परवाच सांगून गेल्या होत्या, "अम्मा, औषधांनी आता काही होणार नाही. सुई देऊन तिला शांत झोपवू या." त्यावर चंद्रिकाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "माझ्या हातचा घास घेते तोवर शिवानं तिला बोलावलेलं नाही. घेईनाशी झाली की मीच फोन करीन."

आज फोन अप्पांनी केला होता.

"निघाल्यात त्या," अप्पा बायकोकडं न बघता म्हणाले.

"मला न विचारता?"

"तुला विचारलं की तू देवाला विचारतीस. देव काय जबाब द्यायला बसलाय व्हय? ती रातभर कण्हती. तू कानावर पदर घेऊन जप करतीस."

बोल वर्मी लागला. पण आवाज चढवणं चंद्रिकाबाईंच्या स्वभावात नव्हतं. "घास घेतला, तर डॉक्टरबाईंना दारातूनच परत पाठवायचं," त्या हळू म्हणाल्या. "शब्द द्या."

"दिला. आता बघ तूच."

त्यांनी घास गुंडीच्या नाकाशी धरला. गुंडीनं डोळे उघडले, पण घासाकडे बघितलंच नाही. बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. गल्लीत एक गाडी आली, पुढं निघून गेली. घास धरलेला हात दुखायला लागला, तरी बाईंनी तो खाली घेतला नाही. शेवटी गुंडीनं मान उचलली, घास तोंडात धरला, आणि भिंतीला अंग घासत मागच्या अंगणाकडे निघाली.

"घेतला," चंद्रिकाबाई म्हणाल्या.

अप्पा उठून पुढच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

पूजेचं पाणी बेलाला घालायचं राहिलं होतं. बाई तांब्या घेऊन मागं गेल्या, तर बुंध्याशी मुंग्यांची रांग लागलेली. रांग तुळशीच्या मोठ्या कुंडीमागं शिरत होती. शेजारीच गुंडी पडली होती, धापा टाकत. बाईंनी वाकून कुंडीमागं बघितलं.

तिथं भाकरीचे घास पडले होते. वरचा ओला, आत्ताचा. खालचे वाळून खडक झालेले, मुंग्यांनी पोखरलेले. एकालाही दात लागला नव्हता.

मागं एकदा गुंडीनं घास घेतला नव्हता. त्या दिवशी बाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही, डोळे पुसत तिच्यापुढं बसून राहिल्या. दिवेलागणीला गुंडीनं आपण होऊन घास उचलला, अन् मग बाईंनी ताट ओढलं. तेव्हापासून कधी खाडा नाही. आपला नेम फळला असं त्या समजत होत्या. आणि हे मुकं जनावर, बाई उपाशी राहू नयेत म्हणून रोज घास तोंडात धरून इथं आणून टाकत होतं.

पुढच्या दारात स्कूटी थांबली. अप्पांचा पडेल आवाज आला, "डॉक्टर, परत जावा. घेतलाय तिनं घास. मी शब्द देऊन बसलोय."

"थांबवा त्यांना," बाई मागूनच म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघरात गेल्या, भाकरी घेऊन आल्या आणि गुंडीसमोर फरशीवर बसल्या. तुकडा मोडला. स्वतःच्या तोंडात घातला.

अप्पा मागच्या दारात आले होते. कुंडीमागचे घास त्यांनाही दिसले. "अगं, नेम..."

"असू दे आता."

गुंडी त्यांचं चावणं बघत होती. बाईंनी दुसरा तुकडा मोडला. तो पोटात गेल्यावर गुंडीनं हनुवटी त्यांच्या पावलावर टेकली. बाईंनी आपल्या कपाळावरची विभूती बोटानं टिपून तिच्या पांढऱ्या ठिपक्याला लावली.

"डॉक्टरबाई, हितंच या," चंद्रिकाबाईंनी हाक मारली. "हितं तिला गार वाटतंय."

डॉक्टर राहत शेजारी बसल्या, बॅग उघडली. "अम्मा, तुम्ही आत जाता का? बघवणार नाही."

"नाही. मी जेवतेय," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "ते तिला दिसू दे."

त्यांनी पुढचा घास तोंडात घातला. गुंडीचे डोळे मिटेपर्यंत त्या चावत राहिल्या.