अचल तेलाचा घट्टपणा

कोथरूडच्या एका वंगणतेलाच्या कंपनीत हेमा प्रयोगशाळा सांभाळायची आणि सौमित्र विक्री. म्हणजे ती तेल तपासायची आणि तो तेलाविषयी बोलायचा. कंपनीत मान बोलण्याला होता.

हेमानं खपून तयार केलेल्या नव्या सिंथेटिक तेलाचं त्यानं 'अचल' असं बारसं केलं. तिला न विचारता डब्यावर छापूनही घेतलं: 'उष्णता असो वा दाब, घट्टपणा तोच!'

हेमा डबा घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेली.

"हे खोटं आहे."

"जाहिरात आहे."

"अरे, तापलं की कुठलंही तेल पातळ होतं. आपलं साध्या तेलापेक्षा कमी होतं, एवढंच. आणि दाबाखाली ते घट्ट व्हायलाच हवं! गिअरचे दात एकमेकांना भिडतात तिथे इतका प्रचंड दाब असतो, की तेल क्षणभर हजारो पटींनी घट्ट होतं. म्हणून तर मधला थर टिकतो."

"ग्राहकाला बदल नको असतो, हेमा. भरवसा हवा असतो."

"मग त्याला अंगारा विक."

तो मोठ्यानं हसला. तिचं म्हणणं पटलं नाही की तो असाच हसायचा.

पहिल्या ग्राहक म्हणून चाकणच्या एका गिअरबॉक्स कारखान्याच्या मुख्य अभियंता मेहनाज शेख आल्या. सौमित्रनं पुष्पगुच्छ दिला आणि प्रात्यक्षिक मांडलं: एका काचपात्रात फ्रीजमधलं तेल, दुसऱ्यात तापवलेलं. हॉटप्लेट जेमतेम कोमट ठेव, असं त्यानं हेमाला बजावलं होतं. भर कामात गिअरबॉक्स जितका तापतो, तितकं तिनं ते तापवलं. तिला अपराधी वगैरे वाटलं नाही; उलट बऱ्याच दिवसांनी कामात मन रमलं.

सौमित्रनं जाड हातमोजे घालून दोन्ही पात्रं एका ट्रेवर ऐटीत तिरकी केली. गार तेल मधासारखं रेंगाळत आलं. गरम तेल मात्र भसकन ट्रे ओलांडून टेबलावर, आणि तिथून त्याच्या पँटवर.

"हे अचल का?" मेहनाजनी विचारलं.

"मॅडम, हे... प्रवाही अचल आहे."

"बरं. आणि दाबाखालीसुद्धा घट्टपणा तोच?"

"शंभर टक्के!" सौमित्रला हायसं वाटलं. दाबाचं प्रात्यक्षिक नव्हतं.

"म्हणजे गिअरच्या दातांमध्ये सापडलं, तरी घट्ट होत नाही?"

"अजिबात नाही!"

"मग आमच्या गिअरचे दात कशानं वाचायचे? तुमच्या भाषणानं?"

सौमित्रनं हेमाकडे पाहिलं. अशा वेळी त्याला प्रयोगशाळा आठवायची. त्याला तसंच बुडू द्यावं, असं हेमाला फार वाटलं. पण त्याच्याबरोबर तेलही बुडालं असतं, आणि तेलाचा काही दोष नव्हता.

तिनं चाचण्यांचे आलेख पडद्यावर लावले. तेल कुठे पातळ होतं, कुठे घट्ट होतं, कुठे कमी पडतं, सगळं सांगितलं. मेहनाज प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिल्या. सौमित्र पँट पुसत राहिला.

निघताना त्या म्हणाल्या, "तेल चांगलं आहे. डबा खोटा आहे. नमुना पाठवा, दुसऱ्या डब्यातून."

पुढच्या बैठकीत कंपनीचे मालक यज्ञेश्वर यांनी प्रामाणिक सादरीकरणाबद्दल सौमित्रची पाठ थोपटली. खरं सांगून टाकण्याची कल्पना आपलीच, असं तोही नम्रपणे म्हणाला. मग दाबाखाली तेल कसं घट्ट होतं, हे त्यानं सगळ्यांना समजावलं. हेमाला दोनदा, तिच्या लक्षात यावं म्हणून.

काही महिन्यांनी मेहनाजचा फोन आला: तेल चाचणीत उतरलं, घेतो, मात्र बोलणी हेमाताईच करतील.

मालकांनी कुणालाच न दुखावता तोडगा काढला. आता ग्राहक आले की बोलते हेमा, आणि सौमित्र चहा सांगतो. चहा मात्र तो फार चांगला सांगतो.