अंगठ्याखालची नाडी

या सत्रापासून आम्हा नर्सिंगच्या मुलींना आपापली नाडी प्रॅक्टिकलच्या पुतळ्यात ठेवावी लागते. पुतळ्याच्या मनगटाला मनगट टेकवायचं. ओल्या हातातून बांगडी निघावी तशी ती निघते. दुखत नाही. जोडीदारणीने पुतळ्याच्या हातावर ती शोधून "सापडली" म्हणायचं, की आपली आपल्याला परत.

"नुसत्या रबरावर किती दिवस शिकणार?" फुलझेले मॅडम म्हणाल्या. त्या नुकत्याच नव्या अध्यापनपद्धतींचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि हे आम्हाला दर वाक्यात कळत होतं.

माझी जोडीदारीण करिश्मा उईके. तिची नाडी मला लगेच लागली. तीन बोटं ठेवली, "सापडली" म्हणाले, तिला मिळाली. मग तिने माझ्या पुतळ्याचं मनगट धरलं, ते अंगठ्याने. इथंच घोडं पेंड खातं. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. अंगठ्याने पाहिलं की समोरच्याची म्हणून आपण आपलीच मोजतो. हे पहिल्याच वर्षी शिकवतात.

"अवं, बोटं लाव ना," मी म्हणाले.

"अंगठ्यानं चांगली लागते व. हे पाह्य, सापडली!"

सापडली म्हटल्यावर पुतळा पेटीत बंद होतो. माझाही झाला. मी मनगट चाचपलं, तिथे काही नव्हतं. पेटीला कान लावला, तर आत माझी नाडी निवांत चालली होती. मला त्या नाडीचाच राग आला.

"मॅडम, माझी परत नाही आली."

"करिश्माला सापडली ना?"

"तिनं अंगठ्यानं बघितली, मॅडम."

मॅडमनी माझं मनगट अंगठ्याने दाबलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "ही काय, छान लागतेय. उगाच बाऊ करू नकोस."

मी वॉर्डातल्या सिस्टरांना हात दाखवला, डॉक्टरांनाही दाखवला. प्रत्येकाला माझ्या मनगटात नाडी सापडली आणि ती ज्याची त्याची होती. रविवारी आई आली. "किती गार पडली व पोरी," म्हणाली. मग अंगठा ठेवून पाहिला आणि हसली. त्या हसण्यानंतर मी कुणाला काही सांगायचं सोडून दिलं.

दरम्यान माझी पेटी टेम्पोतून दुसऱ्या कॉलेजला गेली. कुठल्या, ते कुणाला माहीत नव्हतं. पुतळा गेल्याने प्रॅक्टिकलची एक खाट रिकामी पडली.

"नवा येईपर्यंत तू पड तिथे," मॅडम म्हणाल्या.

मी पडले. करिश्माने चादर ताणून कोपरे गादीखाली खोचले, शिकवलं होतं तसेच. संध्याकाळी उठू पाहिलं तर कोपर वाकेना. मला घरी जायचं होतं.

मग नवी बॅच आली. रोशनी नावाच्या एका मुलीने बिचकत माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली, अगदी बरोबर जागी. बराच वेळ ठेवली. तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, या ताईला नाडीच नाही."

सोडू नकोस, असं मला म्हणायचं होतं. जबडा हलला नाही.

"असं कसं होईल?" मॅडम म्हणाल्या. "अंगठा लाव."

रोशनीने बोटं उचलली आणि अंगठा ठेवला. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला.