डाव्या चाकाचं वंगण

बुलडाणा मागे पडून राजूर घाटाची उतरण लागली, तशी मनकर्णाबाईंच्या पायाखाली घरघर सुरू झाली.

त्या पुढे, गाडी चालवणाऱ्या मुलाच्या, गणेशच्या शेजारी बसल्या होत्या. मागे गणेशची लेक अनुपमा होती, आठवा महिना लागलेली, पहिल्या बाळंतपणाला रोहिणखेडला माहेरी निघालेली. गाडी एकवीस वर्षांची, तीन लाख किलोमीटर पळालेली. तिचं कुरकुरणं घरात कुणी मनावर घेत नसे.

पण हे कुरकुरणं नव्हतं. दाणे संपलेलं जातं कुणी नुसतंच फिरवत राहावं, तसा आवाज होता.

"गणेश, चाक बोलून राह्यलं."

"टायर जुने हायेत, माय. घाटात आवाज घुमतेच." गणेशने रेडिओ मोठा केला.

"आजीले आपली बैलबंडी आठवून राह्यली," मागून अनुपमा हसली.

मनकर्णाबाई हसल्या नाहीत. उजवं वळण आलं की आवाज चढायचा, डावं आलं की दबायचा. सहा वळणं त्यांनी मोजली. भार डाव्या चाकावर पडला की तेच ओरडत होतं. साठ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वामनराव बैलाची बंडी हाकताना अशाच आवाजावर थांबायचे, खाली उतरून चाकाच्या आसाला तळहात लावायचे. चटका बसला की एरंडेलाची बाटली काढायचे.

एरंडेल. मनकर्णाबाईंना दसरा आठवला.

दसऱ्याला गणेशने गाडी धुतली, तेव्हा पुढच्या डाव्या चाकाच्या मधली पत्र्याची टोपी निखळून पडली होती. सगळे सोनं वाटायला गेले आणि त्या हळदकुंकू घेऊन गाडीची पूजा करत बसल्या. आतलं काळं ग्रीस त्यांना सुकल्यासारखं वाटलं. बंडीला दर दसऱ्याला घालत, तसं वाटीभर एरंडेल त्यांनी त्या भोकात ओतलं आणि टोपी दगडाने ठोकून बसवली. कुणाला सांगितलं नाही. दिवाळीपासून त्या चाकातून बारीक कुरकुर ऐकू यायला लागली होती.

आता सांगावं, तर सुनेला जन्मभर बोलायला होईल. न सांगावं, तर पलीकडे गुडघ्याएवढा कठडा आणि त्याखाली दरी. पुढचं वळण उजवंच होतं. घरघरीत आता कटकट मिसळली, पायाखालचा पत्रा थरथरला. त्यांनी मागे पाहिलं. अनुपमाने हसणं थांबवून दोन्ही हात पोटावर धरले होते.

"थांबव गाडी."

"खाली मोताळ्यात दाखवू ना. इथं काऊन?"

"म्या त्या चाकात एरंडेल ओतलं, बाबू. दसऱ्याले. थांबव."

गणेशने रेडिओ बंद केला. त्याने गाडी हळूहळू डोंगराच्या बाजूला घेतली आणि चाकांना दगड लावले. उजव्या चाकाला हात लावला, तर ते गार. डाव्याला लावला आणि झटकन मागे ओढला. जॅकवर उचललं, तर चाक सैल दातासारखं हललं.

मनकर्णाबाईंनी नातीला गाडीपासून लांब, झाडाखाली नेऊन बसवलं. मग त्या परत चाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

तासाभराने मोताळ्याहून इंद्रभान मिस्त्री मोटारसायकलवर आला. त्याने चाक उघडलं. आत ग्रीस नव्हतंच, नुसतं काळं पातळ पाणी, आणि बेअरिंग जळून निळं पडलेलं.

"ग्रीसमंधी तेल कोणं टाकलं बे?"

"म्या," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"टोपी ढिली हाये हे मले चार महिन्यांपासून मालूम होतं," गणेश मान खाली घालून म्हणाला. "म्या बदललीच नाई."

इंद्रभानने दोघांकडे पाहिलं. "बेअरिंग म्हातारंच होतं, मावशी. तुमच्या तेलानं त्याले घाई केली. अजून दोन-तीन वळणं, मंग चाक अलग अन् गाडी अलग."

त्याने पिशवीतून नवं बेअरिंग काढलं आणि बसवायला घेतलं.

संध्याकाळी रोहिणखेडला पोचल्यावर मनकर्णाबाईंनी कोनाड्यातली एरंडेलाची बाटली गणेशपुढे धरली.

"हे तुह्यापाशी ठेव."

"बाळाच्या टाळूले लागीन ना, माय."

"कोणीबी लावा. माह्या हातानं नको."

गणेशने बाटली घेतली. त्याने ती जमिनीवर ठेवली आणि आईचा हात आपल्या भाजलेल्या तळव्यात धरून ठेवला.