राहिलेली बॅटिंग

माणूस गेला की त्याचं काय काय मागे राहतं, याला काही धरबंध नाही. कुणाचं घराचं काम अर्ध्यावर राहतं, कुणाची काशी राहते. डोंबिवलीच्या त्र्यंबकरावांचा मुलगा नील गेला, तेव्हा त्याची बॅटिंग राहिली होती.

आता ज्यांनी त्र्यंबकरावांना पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे, की क्रिकेट हा शब्द त्यांच्यासमोर जपून वापरावा लागे. बँकेत नोकरी केली, पण जीव सगळा मैदानावर. तरुणपणी बँकेच्या टीमकडून खेळले, पुढे परीक्षा देऊन अंपायर झाले. ठाण्यातल्या मैदानांवर उन्हात पांढरा कोट घालून उभं राहण्यात त्यांच्या आयुष्यातले सगळे रविवार गेले. नियमाला इतके पक्के, की एकदा आपल्याच साहेबांना पहिल्या चेंडूवर पायचीत दिलं आणि सोमवारी त्यांच्याच टेबलापुढे जाऊन उभे राहिले.

नीलनेही मोठं मैदान गाजवावं अशी त्यांची फार इच्छा. पोराच्या हातात हुन्नर होता. पण कॉलेजात गेल्यावर त्याने कातड्याचा सीझन बॉल सोडला तो सोडलाच. का, ते त्याने सांगितलं नाही आणि बापाने रागाने विचारलं नाही. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आणि नील सोसायटीच्या कंपाउंडमध्ये अंडरआर्म खेळायला लागला.

अंडरआर्म म्हणजे हात खांद्याच्या वर न नेता खालून टाकायचा बॉल. बॉल रबरी. जागा दोन बिल्डिंगांच्या मधली, एका बाजूला स्कूटर लावलेल्या. पहिल्या मजल्याच्या वर मारला तर आउट, भिंतीपलीकडे गेला तर आउट. एक टप्पा पडून बॉल एका हाताने धरला तरी आउट. खेळणारे सगळे पोराबाळांचे बाप. नीलचा लहानपणापासूनचा दोस्त साकेत, गेटशेजारी इस्त्रीचं दुकान चालवणारा पोपट, असेच आणखी काही. दर रविवारी दुपारचा चहा झाला की खाली स्टंप म्हणून पत्र्याचा डबा ठेवल्याचा आवाज यायचा आणि त्र्यंबकराव गॅलरीचं दार लावून घ्यायचे.

साकेतने एकदा त्यांना खाली बोलावलं होतं, आमची फायनल आहे, तुम्ही अंपायर व्हा म्हणून. त्र्यंबकरावांनी त्याला दारातच सुनावलं होतं, की दात कोरून पोट भरत नाही आणि कंपाउंडमध्ये खेळून क्रिकेट होत नाही. टप्पा पडलेल्या बॉलवर झेल देणारा अंपायर मी नव्हे. नील आतल्या खोलीत होता. त्याने ऐकलं असणारच.

नीलच्या त्या शेवटच्या रविवारी खेळ लांबला. अंधार पडला, बॉल दिसेना, आणि नीलची पाळी यायच्या आत डबा उचलावा लागला. वर येऊन हातपाय धुताना तो बायकोला म्हणाला, "मैथिली, आज माझी बॅटिंगच राहिली."

त्र्यंबकराव सोफ्यावर पेपर वाचत होते. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "राहिली तर राहिली. कुठल्या स्कोअरबोर्डावर लागणार होती?"

नील हसला. त्याला या बोलण्याची सवय होती. टॉवेलने तोंड पुसत आत गेला. सोमवारी सकाळी ठाण्याच्या ऑफिसात जिना चढताना छातीत कळ आली आणि हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं.

दिवस झाले, तेरावं झालं, पाहुणे आपापल्या घरी गेले. घरात सासरा आणि सून दोघंच उरली. त्र्यंबकरावांच्या पत्नी प्रमोदिनीबाई आधीच गेलेल्या, आता रडायचं तर कुणापाशी, हा दोघांनाही प्रश्न. मैथिली बँकेची कामं करी, स्वयंपाक करी, ताट वाढून देई. बोलणं दूध आणि औषधांपुरतं.

रविवार येत होते आणि जात होते. खाली डब्याचा आवाज येईना. त्र्यंबकरावांनी गॅलरीचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली, तरी येईना. त्यांना वाटलं, पोरं आपल्याला बुजून खेळत नसतील. दूध आणायला उतरले तेव्हा साकेत गेटपाशी भेटला. त्याला ते म्हणाले, की बाबा रे, किती दिवस दुखवटा पाळणार, खेळा तुम्ही, मला काही वाटायचं नाही.

साकेत चपलेने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "दुखवटा नाही काका. खेळता येत नाहीये."

"म्हणजे?"

"त्या दिवशीचा खेळ संपलाच नाही ना. अंधारामुळे ज्याची राहते, पुढच्या वेळी पहिली बॅटिंग त्याची. आमच्यात तसंच आहे, शाळेत होतो तेव्हापासून. ती झाल्याशिवाय नवा डाव लावत नाही."

त्र्यंबकरावांना क्षणभर राग आला. माणूस गेला आणि ही घोडी झालेली माणसं पोरखेळाचा नियम धरून बसली आहेत. इस्त्रीवाला पोपट आतून ऐकत होता. तो बाहेर आला. कुणीतरी म्हणालं होतं म्हणे, की नीलचं नाव सोडून पुढे जाऊ. पण पोपटनेच अडवलं होतं. जिवंतपणी त्याने कधी कुणाची पाळी खाल्ली नाही, आपण त्याची कशी खायची, असं त्याचं म्हणणं. साकेत मग हळूच म्हणाला, की घरातलं कुणी ती बॅटिंग घेतली तर चालेल. वहिनींना विचारायची हिंमत होत नव्हती.

त्र्यंबकराव वर आले. दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि सुनेला सगळं सांगितलं, थोडं हसण्यावारी नेत. वाटलं होतं तीही म्हणेल, काय वेडेपणा.

मैथिलीने गॅस बंद केला. "बाबा, तुम्ही त्याला खेळताना कधी बघितलंत का हो?"

त्यांनी ओट्यावरची दुधाची पिशवी उगाच सरळ केली.

"मी बघायचे. इथे खिडकीत उभी राहून. आउट नसतानाही कुणी ओरडलं ना, तर तो पाळी सोडून द्यायचा. आणि आउट असला तर कुणी ओरडायच्या आत बॅट खाली ठेवायचा. साकेत त्याला चिडवायचा, बापावर गेलास म्हणून."

एवढं बोलून तिने पुन्हा गॅस लावला. त्र्यंबकराव तिथेच ओट्याला धरून उभे राहिले.

त्या रविवारी चहा झाल्यावर ते खाली उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, बाह्या दुमडल्या होत्या. सगळे जमले होते, पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. साकेतने नीलची बॅट त्यांच्या हातात दिली. मुठीला दोरा गुंडाळलेला, दोऱ्यावर हाताचा काळा ठसा. त्र्यंबकरावांनी डब्यापुढे उभं राहून गार्ड घेतला, तेव्हा एकदोघांना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं.

पहिला बॉल बाहेरून जात होता, त्यांनी जन्मभराच्या सवयीने सोडून दिला. पोपट म्हणाला, "काका, इथं सोडत नसतात. सोडायला मागं विकेटकीपर लागतो, आणायला तुम्हालाच जावं लागेल." आता मात्र सगळे हसले. त्र्यंबकरावही हसले.

मग त्यांचा हात बसला. बॉल खालून येतो, पण वळतो किती! भिंतीकडे उचलून मारावा तर आउट, जोरात मारावा तर वर जातो. म्हणजे मनगटाने दाबून, स्कूटरच्या फटीतून काढायचा. एवढ्याशा जागेत पोरगं वर्षानुवर्षं हे करत होतं. एक बॉल त्यांनी असा काही काढला की साकेत म्हणाला, "नील इथेच मारायचा." आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्र्यंबकरावांना दम लागला होता, पण थांबावंसं वाटेना. जोवर ते खेळत होते तोवर नीलची बॅटिंग चालू होती. हे कुणी बोललं नाही, पण गोलंदाजही आता बॉल जरा सरळच टाकायला लागले होते.

पुढचा बॉल टप्पा पडून थोडा उडाला. बॅटला लागून गेटकडे गेला, एक टप्पा पडला, आणि पोपटने वाकून डाव्या हाताने तो उचलला. सवयीने उचलला. उचलला आणि तोच घाबरला. बॉल हातात धरून चोरासारखा उभा राहिला. कुणी ओरडलं नाही.

साकेत पुढे आला. "चालतंय काका. खेळा तुम्ही. तुमच्या क्रिकेटमध्ये हा आउट नसतो."

खरं होतं ते. टप्पा पडलेला बॉल, जगातल्या कुठल्याही मैदानावर हा झेल नाही. हीच गोष्ट त्यांनी दारात उभं राहून या पोराला ऐकवली होती. आज तेवढंच एकदा म्हटलं असतं तर अंधार पडेपर्यंत खेळता आलं असतं. आणि अंधार पडल्यावर पाळी पुन्हा पुढच्या रविवारावर गेली असती. त्र्यंबकरावांनी वर पाहिलं. मैथिली गॅलरीत कठडा धरून उभी होती.

त्यांनी बॅट जमिनीला टेकवून धरली. सगळे वाट पाहत होते.

"एक टप्पा, एक हात," ते म्हणाले. आवाज मैदानावर असायचा तसाच, कोरडा. "आउट आहे. नील आउट."

बॅट त्यांनी पोपटपुढे धरली. नियमाने पुढची पाळी त्याची होती. पोपटने बॉल खाली टाकला, शर्टाला हात पुसले, पण बॅट घ्यायला तो पुढे होईना. त्र्यंबकराव ती तशीच धरून उभे राहिले, आणि त्यांनी तिची मूठ त्याच्याकडे फिरवली तेव्हा कुठे पोपटने ती त्यांच्याकडून घेतली.