आवाज द्या

थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी, उन्हाळा तापायच्या आधीच्या एका सकाळी, हॅमर शॉपमधला मिस्त्री सिमेंटच्या पाइपात पोटावर सरकत शिरला. पाइप कारखान्याच्या मागच्या बाजूला, फुटक्या फरश्या, तुटकी लाकडं आणि गंजके पत्रे यांच्या ढिगाखाली मुद्दाम पुरलेला होता. मिस्त्रीचे खांदे दोन्हीकडे घासत होते. मागून कोणीतरी त्याच्या बुटाच्या तळव्यावर थाप मारली, म्हणजे बस, एवढं पुरे. मग पाइपाच्या तोंडाशी फळी लागली, फळीवर पोती पडली आणि उजेड गेला.

इमारत कोसळली तर काय करायचं, त्याचा तो सराव होता. सराव घ्यायला सेफ्टीच्या बाई आल्या होत्या. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून कामगार त्यांना पाठीमागे शिट्टीबाई म्हणत. सकाळीच त्यांनी सगळ्यांना ढिगासमोर उभं करून समजावलं होतं. काहीजण अडकलेले, बाकीचे शोधणारे. ढिगावर काही आपटायचं नाही, ढीग सरकतो. एकानं हाक मारायची, 'आत कोणी आहे का? आवाज द्या,' आणि बाकीच्यांनी श्वाससुद्धा हळू घ्यायचा. आतल्यानं ओरडायचं, नाहीतर हातातला दगड ठोकायचा. दोन हाकांना उत्तर आलं नाही, तर लाल फीत बांधून पुढे जायचं.

"आणि आतला जिवंत असला तर?" भट्टीवाल्यानं विचारलं होतं.

"तर तो आवाज देईल," बाई म्हणाल्या. "वेळ थोडा असतो. गप्प बसलेल्यापाशी थांबलात, तर ओरडणाराही हातचा जाईल."

"माझी बायको तर ढिगाखालूनही बोलायची थांबायची नाही," भट्टीवाला म्हणाला आणि सगळे हसले.

सगळे हसले म्हणून मिस्त्रीही हसला. बाईंचं बोलणं त्याला कळलं होतं, कारण तो पहिल्या रांगेत होता आणि बाई तोंड नीट उघडून बोलत होत्या. भट्टीवाला मागे उभा होता. त्याचं काहीच कळलं नव्हतं. मग अडकणारे निवडायला बाईंनी बोट फिरवलं आणि ते मिस्त्रीवर थांबलं. शेजारी उभ्या मेहुण्यानं एकदम खाली पाहिलं.

मिस्त्रीला ऐकू येत नव्हतं. हॅमरखाली लाल लोखंड धरण्यात उमर गेली, त्यात कान गेले. एका दिवसात नाही गेले. आधी पाखरं गेली, मग मागून येणारी पावलं, मग बायकोची स्वयंपाकघरातली बडबड. त्याबद्दल सुरुवातीला त्यानं फार हळहळही केली नाही. आता कानात एक रातकिडा तेवढा उरला होता, आणि तो दिवसाही गप्प बसत नसे.

हे दोघांनाच ठाऊक होतं. एक बायको. "दोन नातवंडं दोन कानांशी बोंबलतात आणि हा माणूस घोरतो," असं ती त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणायची, म्हणजे त्याला कळावं. दुसरा तिचा भाऊ. तो त्याच हॅमरवर होता. मिस्त्रीनं सांडशीत लोखंड धरायचं, मेहुण्यानं हॅमर खाली आणणारा दट्ट्या दाबायचा, असं त्यांचं नजरेनं चालायचं. दवाखान्यात कानांची तपासणी असली, की नर्सबाईच्या कोपरावर लक्ष ठेवा, कोपर हललं की आवाज झाला समजा, ही अक्कलही मेहुण्याचीच. हजेरीला तो दाजींना खेटून उभा राहायचा आणि त्यांचं नाव आलं की हळूच ढोसायचा.

भोंगा ऐकू येत नाही त्यानं शॉपमध्ये पाय ठेवायचा नाही, असा नियम होता. नियमात खोट नव्हती, हे मिस्त्रीलाही कळत होतं. पण त्याच्या आधीचा हॅमरवाला त्यानं पाहिला होता. त्याला गेटवर खुर्ची दिली. सुरुवातीला लोक त्याच्याशी मोठ्यानं बोलले, मग लहान मुलाशी बोलावं तसं बोलले, मग नुसता हात हलवून पुढे जायला लागले. तो खुर्चीत बसल्या बसल्या वाळत गेला.

पाइपात हनुवटी टेकून मिस्त्री पडला. हातात दगड होता. सिमेंट गार होतं आणि त्याला ओल्या मातीचा वास येत होता. हाक आली असेल का? येऊन गेली असेल? रातकिडा एकसारखा किरकिरत होता. त्यानं गाल पाइपाला लावला. कोणी वर जोरात पाय आपटला असता तर गालाला कळलं असतं, पण आपटायचंच नाही असं बाईंनी सांगितलं होतं. आत्ता ठोकावं, तर हाकेच्या आधीच घाबरला म्हणून उद्या सगळा शॉप नक्कल करणार. न ठोकावं, तर.

त्यानं वाट पाहिली. उगाच आवाज होऊ नये म्हणून दगड छातीशी धरला. मान अवघडली, मग हात बधिर झाला. कूस बदलायला जागा नव्हती. मध्येच त्याला वाटलं, हा सराव कधीच संपला असेल आणि सगळे चहाला गेले असतील. मग त्यानं ठोकायला सुरुवात केली. आधी थांबून थांबून, मग सलग. दगडाचा हादरा मुठीत बसत होता, तेवढा त्याला कळत होता. आवाज बाहेर कोणाला ऐकू जातोय का, हे कळायला काही मार्ग नव्हता. त्यानं हाकही मारली. स्वतःची हाक त्याला घशात तेवढी कळली.

उजेड आला तेव्हा त्याचे पाय धरून कोणीतरी ओढत होतं. बाहेर फोरमन हसत उभा होता.

"मेलात तुम्ही, मिस्त्री. कधीच मेलात," तो म्हणाला आणि पाइपाला बांधलेली लाल फीत दाखवली.

बाई हसत नव्हत्या. "दोनदा हाक मारली," त्या म्हणाल्या. "तुमच्या मेहुण्यानंच मारली, या तोंडाशी वाकून. ऐकू आली नाही?"

मिस्त्री कपड्यांवरची माती झटकत राहिला.

"झोप लागली असेल, मॅडम," मेहुणा मध्येच म्हणाला. "घरी जुळी नातवंडं आहेत. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही त्यांचा."

"ढिगाखाली झोपणारा पहिलाच माणूस," फोरमन म्हणाला. लोक हसले आणि चहाकडे पांगले.

बाई तिथंच थांबल्या. मेहुण्याकडे वळून त्यांनी विचारलं, "यांना नीट ऐकू येतं ना?"

त्या आता मिस्त्रीला पाठमोऱ्या होत्या. त्यांचा प्रश्न त्याला दिसला नाही. मेहुण्याचे ओठ मात्र दिसले.

"येतं, मॅडम. चांगलं येतं."

बाई वळल्या आणि त्याला म्हणाल्या, "कोणाला कमी ऐकू येत असेल तर मला सांगा, मिस्त्री. घरी नाही बसवणार. जागा बदलून घेऊ."

मिस्त्रीनं मान हलवली. जागा म्हणजे कुठली, ते त्याला माहीत होतं. गेटवरची ती खुर्ची अजून तिथंच होती.

सुटल्यावर दोघं सायकली हातात धरून चालत निघाले. रस्ता रिकामा होता. मेहुणा त्याच्याकडे तोंड करून, जवळजवळ आडवा चालत होता.

"तू होतास वर," मिस्त्री म्हणाला. "तुला ठाऊक होतं मला ऐकू येणार नाही."

"होतं."

"मग?"

"मग काय सांगू? दाजी बहिरे आहेत, फळी काढा? इतकी वर्षं कोणासाठी तोंड बंद ठेवलंय?"

"आत लई अंधार होता रे."

मेहुण्यानं सायकल थांबवली. "फोरमन म्हणाला, बांध फीत, चल पुढे. माझ्या हातानं बांधली. पुढचे दोघंही सापडले, टाळ्या वाजल्या, माझं सगळं लक्ष मागे. नुसता सराव होता, तरी पाय उचलत नव्हता. पुन्हा नाही करणार असं."

"पुन्हा कशाला येतेय वेळ," मिस्त्री म्हणाला. "आणि ताईजवळ बोलू नकोस. ती उद्याच बाईंकडे जाऊन बसेल."

"नाही बोलत," मेहुणा म्हणाला.

जुळी पालथी पडायला लागली, मग रांगायच्या खटपटीला लागली. सरावाची आठवण मागे पडली.

भट्टीचा गॅस गळला तो दिवसपाळीत. मिस्त्री तेव्हा मेहुण्याला न सांगताच नवी सांडशी घ्यायला स्टोअरमध्ये गेला होता. स्टोअरकीपरनं त्याचा दंड धरून ओढलं आणि मागच्या दारानं बाहेर काढलं, तेव्हा त्याला कळलं की भोंगा वाजतोय. इमारतीला वळसा घालून तो झाडाखाली, जमायच्या जागी आला. तिथं रंगारी भिंतीला टेकून बसत चालला होता, ओठ पांढरे पडलेले. बाईंनी शिकवल्याप्रमाणे मिस्त्रीनं त्याला आडवं केलं, गळ्याचं बटण काढलं, पट्टा सैल केला. त्याच्या तोंडाकडे बघत तो गुडघ्यांवर बसून राहिला. त्याच्या पाठीमागे, उभ्या माणसांच्या गर्दीपलीकडे, फोरमननं हजेरी घ्यायला सुरुवात केली.

रंगाऱ्याच्या ओठांना रंग आला. तो मिस्त्रीच्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागला, म्हणून मिस्त्रीनंही वळून पाहिलं. सगळी माणसं शॉपच्या दाराकडे तोंड करून उभी होती. फोरमननं त्याला पाहिलं आणि तसाच बघत राहिला. माणसांतून वाट काढत शिट्टीबाई आल्या. त्या मिस्त्रीच्या अगदी समोर उकिडव्या बसल्या आणि एकेक शब्द सुटा करून, मोठं तोंड उघडून बोलल्या. त्याच्याशी असं त्या आधी कधी बोलल्या नव्हत्या.

"तुम्ही इथंच होतात?"

"इथंच होतो. याला चक्कर आली होती."

"तुमचं नाव दोनदा पुकारलं. आवाज आला नाही. मेहुणे म्हणाले, दाजींना ऐकू येत नाही, ते आतच राहिलेत. मी हात धरला होता त्यांचा. हिसडा देऊन आत गेले."

मिस्त्री उठून दाराकडे निघाला. चौघांनी त्याला धरून ठेवलं. तो काय ओरडत होता ते सगळ्यांना ऐकू आलं.

तोंडाला हवेची नळी लावलेल्या माणसांनी मेहुण्याला बाहेर आणलं. तो हॅमरच्या पायथ्याशी, मिस्त्रीच्या उभं राहायच्या जागेवर सापडला. तो त्याच दिवशी दुपारी वारला. जुळी तेव्हा नुकती आधाराशिवाय बसायला लागली होती.